चार पिल्लं

वडिलांच्या बुटाच्या तळव्यातल्या खाचा ती सेफ्टी पिनेने कोरत होती. पहिल्या बुटातून चिमूटभर माती निघाली, दुसऱ्यातून खडीचा एक बारीक कण. तो तिने कागदावर घेतला, पुडी बांधली आणि पुढ्यात ठेवलेल्या डब्यात टाकली. बेटावर बाहेरची माती किंवा बी जाऊ नये म्हणून डेकवर वीस-बावीस माणसं अशीच ओणवी होऊन बूट घासत होती. जंतुनाशकाच्या पसरट टबात गुलाबी पाणी जहाजाबरोबर डचमळत होतं. धुकं इतकं दाट होतं की समोर बेट आहे हे केवळ वासावरून कळत होतं. काडी ओढून नुकतीच विझवावी तसा वास.

"खिसे उलटे करा सगळ्यांनी," पक्षीतज्ज्ञ बाई रांगेतून फिरत म्हणाल्या. "टोप्या झटका. बाह्यांच्या घड्या उलगडा."

चाळिशीच्या, उन्हावाऱ्याने रापलेल्या बाई. प्रवासी त्यांना मॅडम म्हणत आणि थोडे वचकून असत. वडिलांसमोर थांबून बाईंनी त्यांच्या स्वेटरची बाही स्वतःच उलगडली आणि चिमट्याने गवताचं एक कुसळ ओढून काढलं.

"हे बघा."

"एवढ्याशा कुसळानं काय होणार आहे, मॅडम?" बाजूचे गृहस्थ हसत म्हणाले. ते साठीचे, गळ्यात हातभर लांब लेन्सचा कॅमेरा अडकवलेले. पहिल्या दिवसापासून सगळे त्यांना कॅमेरेवाले म्हणत होते आणि त्यांना ते आवडतही होतं.

"एवढ्याशानंच होतं," त्या म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

वडिलांनी बाहीकडे पाहिलं. मग स्वेटर डोक्यावरून काढला, नीट घडी घातली आणि मुलीच्या हातात दिला.

"हा इथंच राहू दे."

"अहो बाबा, गारठा किती आहे. साफ केलाय की त्यांनी."

"राहू दे म्हटलं ना."

तिने वाद घातला नाही. या प्रवासाला त्यांना आणलं हेच खूप होतं. तिचं चष्म्यांचं दुकान होतं. दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक माहितीपत्रक काउंटरवर विसरलं आणि त्यात तिला ते नाव दिसलं. ज्वालामुखीची बेटं, पक्षी, सील, बारा दिवस. त्यातल्या एका बेटावर वडिलांनी तरुणपणी दोन वर्षं काढली होती. हवामान केंद्रावर ते स्वयंपाकी होते. तिने तीनदा विचारलं, तीनदा ते नाही म्हणाले. तिला वाटलं, खर्चाला भितात. चौथ्यांदा तिने विचारलंच नव्हतं, तेच एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "जाऊन येऊ." दात काढायला जायचं ठरवावं तशा आवाजात.

आणि जहाजावर पाय ठेवताच त्यांनी बजावलं होतं, "मी तिथं होतो हे कुणाला सांगत बसू नकोस. लोक उगाच प्रश्न विचारतात."

सकाळचं बेट हे ते बेट नव्हतं. रबरी होडीतून ते काळ्या वाळूवर उतरले. वाळू ओली, कोळशाच्या भुकटीसारखी. खडकांच्या भेगांतून वाफ निघत होती आणि धुक्यात मिसळत होती. कुठे वाफ संपते आणि कुठे धुकं सुरू होतं ते कळत नव्हतं. पाण्याच्या कडेला सील पडले होते. त्यांतल्या एकाने मान उचलून मंडळींकडे पाहिलं, जांभई दिली आणि पुन्हा मान टाकली.

"आमचे मेव्हणे," कॅमेरेवाले फोटो घेत म्हणाले. "जेवण झालं की असेच पडतात."

त्यांची बायको हसली. गोल, मायाळू चेहऱ्याची बाई. जहाजावर रोज सकाळी ती वडिलांसाठी खिडकीजवळची खुर्ची अडवून ठेवायची आणि त्यांच्या पावाला लोणी लावून द्यायची. "माझे वडील असते तर असेच दिसले असते," असं ती एकदा म्हणाली होती. आताही तिने आपल्या गळ्यातला मफलर काढून त्यांच्या गळ्यात गुंडाळला.

वर कड्यावर पांढऱ्या समुद्रपक्ष्यांची वस्ती होती. दिसत काही नव्हतं, पण गलका असा होता की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. मधूनच धुक्यातून एखादा पक्षी निघून डोक्यावरून सुसाट जाई. बाकीचे खडकांवर, सीलांवर, वाफेवर कॅमेरे रोखत होते. वडील मात्र कड्याकडे तोंड करून, हात मागे बांधून उभे होते.

"काय बघताय, बाबा?"

"बघत नाहीये," ते म्हणाले.

तिच्या डोक्यात दुपारचं बेट होतं. मनीचं बेट. तिचं सगळं बालपण त्या गोष्टीवर पोसलं होतं. मनी ही आईची मांजर. लग्न होऊन तीन महिने झाले होते. बाबा दोन वर्षांसाठी निघाले तेव्हा आई म्हणाली, हिला घेऊन जा, कुणीतरी असू दे बरोबर. प्राणी न्यायला बंदी होती. बाबांनी तिला बटाट्यांच्या खोक्यात लपवून नेलं. बेटावर पोचल्यावर कळलं की बाईसाहेब एकट्या नाहीत. चार पिल्लं झाली. स्टेशनप्रमुख म्हणजे मोठ्या मिशांचे साहेब, त्यांनी हुकूम सोडला: संध्याकाळपर्यंत बादलीत बुडवून टाक. बाबा बादली घेऊन निघाले. निघाले, पण थांबले कुठे? डोंगराच्या पलीकडे. कारण डोंगराच्या पोटात एक मोठी शेगडी होती आणि पलीकडची जमीन तव्यासारखी कोमट असायची. तिथे बाबांनी बादली आडवी केली. एक, दोन, तीन, चार. मग रिकामी बादली घेऊन परत आले आणि म्हणाले, झालं काम, साहेब.

इथे ती दर वेळी टाळ्या वाजवायची. पुढे ती आपल्या मुलीला ही गोष्ट सांगू लागली, आणि छकुलीने आईपेक्षा आजोबांकडूनच ऐकायचा हट्ट धरला. छकुली आता अकरा वर्षांची होती. आपण मोठ्या झालो असं दाखवायची, पण निघताना दारात म्हणालीच, "त्या कोमट जागेचा फोटो आण."

जेवणानंतर जहाज दुसऱ्या बेटाकडे निघालं आणि सगळे खालच्या सभागृहात जमले. पक्षीतज्ज्ञ बाईंनी दिवे मंद केले. पडद्यावर हिरवट उतार आला, चाळणीसारखा भोकाभोकांचा.

"ही बिळं आहेत," त्या म्हणाल्या. "काळी बिळपाखरं. जगात फक्त या एका बेटावर होती. दिवसभर समुद्रावर, अंधार पडला की घरी. स्टेशनवरची माणसं त्यांना रडवी म्हणायची. या एका उतारावर दोन लाख जोड्या होत्या."

पुढचं चित्र मांजराचं होतं. राखाडी, पाय पांढरे, डोळ्यांत कॅमेऱ्याचा उजेड.

तिला आधी आनंदच झाला. तिने वडिलांना कोपराने हळूच ढोसलं. ते पडद्याकडे बघत होते.

"पन्नासेक वर्षांपूर्वी स्टेशनवर कुणीतरी मांजर आणली. एकटी मांजर पुष्कळ बेटांवर आली आणि म्हातारी होऊन मेली. तिच्याबरोबर प्रश्न संपला. इथं तसं झालं नाही. इथं कुणीतरी पिल्लं मोकळी सोडली. रक्ताच्या तपासण्यांवरून आम्हाला कळलं, सगळी एकाच वेतातली. पंधरा वर्षांत त्यांची हजारावर मांजरं झाली. बिळातल्या पक्ष्याला पळायला दुसरं दार नसतं. तिसाव्या वर्षी शेवटचं पाखरू सापडलं, मेलेलं. मग आम्ही मांजरं मारायला सुरुवात केली. नऊ वर्षं लागली. आता बेटावर मांजर नाही. पाखरूही नाही."

मग अंधारातून कॅमेरेवाल्यांचा आवाज आला.

"पण कोण हा गाढव? सापडला का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"सापडला तर मला कळवा. फोटो काढून भिंतीवर लावतो."

लोक हसले. तिने वडिलांकडे पाहिलं नाही. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. तिने त्यावर आपला हात ठेवला आणि तो थंडगार लागला तरी काढला नाही.

वर डेकवर दोघं कठड्याशी उभी राहिली. होड्या पाण्यात सोडल्या जात होत्या.

"तुम्ही खाली उतरू नका," ती म्हणाली. "पाय दुखतोय म्हणून सांगते."

"पाय दुखत नाही."

"बाबा."

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "बारा वर्षं झाली. दातांच्या डॉक्टरांकडे बसलो होतो, तिथं एका मासिकात आलं होतं. फोटो हाच. पांढऱ्या पायांचा."

ती हिशेब करत राहिली. बारा वर्षं. छकुलीचा जन्मही झाला नव्हता.

"आणि तरी तिला गोष्ट सांगत आलात?"

"ती मागायची."

"मागायची म्हणून?"

"सांगताना बरं वाटायचं," ते म्हणाले. "गोष्ट चालू असेपर्यंत."

पाण्यावर तेलाचा एक तवंग रंग बदलत सरकत होता. ती म्हणाली, "तेव्हा तुम्हाला काय कळणार होतं? सत्तावीस वर्षांचं वय. कुणाला कळलं असतं?"

"कळत होतं थोडं थोडं. माझ्या खिडकीबाहेरची बिळं आधी गप्प झाली. रात्रभर नुसतं रडायची गं ती. पहिले सहा महिने माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. मग झोप यायला लागली. मी साहेबांना म्हटलंसुद्धा, आता बरी झोप लागते म्हणून."

"हे तुम्ही कुणापुढं बोलायचं नाही."

"मी त्यासाठीच आलोय," ते म्हणाले. "दोनदा पत्र लिहिलं. कुणाला पाठवायचं तेच कळेना."

खालून होडीवाल्याने हाक मारली. वडिलांनी कठडा सोडला आणि शिडीच्या दिशेने निघाले. तिला मागोमाग जावं लागलं.

दुपारच्या बेटावर धुकं निवळलं होतं, पण आभाळ खाली आलेलं होतं, राखेच्या रंगाचं. किनाऱ्यापासून उतार वर चढत गेला होता. त्याच्यावर गुडघाभर गवत, आणि गवतात जागोजाग खळगे. बिळांची तोंडं खचून बुजली होती. पक्षीतज्ज्ञ बाईंनी सगळ्यांना थांबवलं.

"दोन मिनिटं कुणी बोलू नका. ऐका."

वारा गवतातून गेला. खाली लाट फुटली. कुणाचं तरी जॅकेट सळसळलं.

"काही ऐकू येत नाही," एक जण म्हणाला.

"हो," बाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

स्टेशनचं फारसं काही उरलं नव्हतं. सिमेंटचे चौथरे, गंजलेल्या पत्र्यांची चळत, एक उभा खांब. मंडळी पांगली. कॅमेरेवाले खांबाचा फोटो घ्यायला डोळा लेन्सला लावून मागे मागे सरकू लागले.

"तिकडं नको," वडील एकदम ओरडले. "तिकडं टाकी आहे!"

कॅमेरेवाले जागच्या जागी थांबले. त्यांच्या टाचेमागे गवतात लपलेला पाण्याच्या टाकीचा चौकोनी खड्डा होता, पुरुषभर खोल.

"बापरे! काका, वाचवलंत." ते आत डोकावले, मग वडिलांकडे बघत राहिले. "दिसत तर काहीच नव्हतं."

वडील टोकाच्या चौथऱ्याकडे गेले. त्यावर चुलीचा लोखंडी सांगाडा तेवढा उभा होता. त्यांनी आतल्या पट्टीला बोट लावलं, बोट पाहिलं, आणि चौथऱ्याच्या कडेला बसले. डोंगरापलीकडे जायची वाट तिथूनच निघत होती. तिने फोन काढला आणि वाटेचा फोटो घ्यायला गेली; मग न घेताच खिशात ठेवला.

ती वळून पाहते तो पक्षीतज्ज्ञ बाई त्यांच्यापाशी पोचल्या होत्या.

"बरं वाटतंय ना, काका?"

"मॅडम, ती पिल्लं मी सोडली," वडील म्हणाले.

ती दहा पावलांवर होती. तिला धावत जावंसं वाटलं, पण ती तिथेच उभी राहिली.

बाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग चुलीच्या सांगाड्याकडे. पाठीवरची पिशवी काढून त्या शेजारी बसल्या.

"कधी?"

"जहाज दुसऱ्यांदा यायच्या आदल्या महिन्यात. एकोणपन्नास वर्षं झाली."

"किती होती?"

"चार."

"नर किती, मादी किती?"

"तेवढं बघितलं नाही. एकाचे पाय पांढरे होते. दुधाची भुकटी कालवून नेत होतो त्यांना, तीन-चार महिने."

बाईंनी वही काढली होती, पण लिहिलं काही नाही. पेनाचं टोपण त्या काढत होत्या आणि लावत होत्या.

"मी पहिल्यांदा इथं आले तेव्हा एकवीस वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "शेवटची तीन वर्षं आम्ही एका बोक्याच्या मागं होतो. एकच उरला होता. पाय पांढरे. मला त्याच्या पायांची स्वप्नं पडायची." त्यांनी टोपण घट्ट लावलं. "तुमचं नाव आमच्या यादीत नव्हतं. स्टेशनवरची सगळी माणसं शोधली आम्ही."

"स्वयंपाकी ठेकेदाराचा असायचा."

"असं होय."

वडील पुढचं ऐकायची वाट बघत राहिले. हात मांडीवर, पंजे उघडे. बाईंनी माफ केलं नाही, त्या रागेही भरल्या नाहीत. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी फोन बाहेर काढला आणि आवाज टिपायचं बटण दाबलं. त्यांचा आवाज बदलला.

"काका, त्यांचा आवाज कुणीच टिपून ठेवलेला नाही. यादीतली सगळी माणसं गेली. एक जण आहेत, त्यांना बोलता येत नाही. अहवालात नुसतं लिहिलंय, लहान मुलासारखं रडणं. कसं रडणं? लांब, की तुटक? नर-मादीचं वेगळं होतं का? तुम्हाला करून दाखवता येईल? जमेल तसं."

वडिलांनी मान डोलावली. ताठ बसले. डोळे मिटले. त्यांचा घसा वरखाली झाला, तोंड उघडलं. ती दहा पावलांवरून बघत होती. त्यांच्या उघड्या तोंडातून थोडी वाफ बाहेर आली, बाकी काही नाही. त्यांनी तोंड मिटलं, ओठ ओले केले, पुन्हा उघडलं. या वेळी एक बारीक आवाज निघाला आणि लगेच तुटला.

"नाही," ते म्हणाले. "हा तर मनीचा."

"घाई नाही. सावकाश आठवा."

"मी कानात कापूस घालून झोपायचो," ते म्हणाले.

बाईंनी अजून थोडा वेळ फोन तसाच धरून ठेवला. मग बटण दाबून तो बंद केला, पिशवी उचलली आणि उतारावरून मंडळींना हाका मारत खाली गेल्या.

परतीच्या होडीत तिने त्यांच्या खांद्यावर आपली शाल घातली. त्यांनी घालू दिली.

संध्याकाळी जेवणाला आठ माणसांचं टेबल होतं. रोज एक तज्ज्ञ पाहुण्यांबरोबर जेवायला बसे. त्या दिवशी पाळी पक्षीतज्ज्ञ बाईंची होती आणि त्या याच टेबलाच्या टोकाला येऊन बसल्या. कॅमेरेवाल्यांच्या बायकोने वडिलांना खिडकीशी बसवलं. सूप आलं. पाव आला. रोजच्यासारखा तिनेच पावाचा तुकडा मोडून लोणी लावून त्यांच्या ताटलीत ठेवला.

"काका," कॅमेरेवाले म्हणाले, "मला एक कळलं नाही. दुपारी ती टाकी. तुम्हाला कशी दिसली?"

वडिलांनी चमचा खाली ठेवला.

"दिसली नाही. माहीत होती. मी तिथं स्वयंपाकी होतो. दोन वर्षं."

"काय सांगता! आणि इतके दिवस गप्प?" कॅमेरेवाले खुर्ची ओढून पुढे सरले. सगळं टेबल वडिलांकडे वळलं. "अहो, मग सांगा की काहीतरी. कुठली वर्षं?"

वडिलांनी वर्षं सांगितली.

कॅमेरेवाल्यांनी मनातल्या मनात आकडा मांडला. त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"म्हणजे मांजर तुमच्याच वेळची?"

वडिलांनी मान वर केली. ते बोलणार होते. त्यांच्या छातीत श्वास भरलेला तिला दिसला.

"होती मांजर," ती मध्येच म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. "बाबांचीच होती. तिला पिल्लं झाली, चार. साहेबांनी सांगितलं आणि बाबांनी ती बुडवून टाकली. नंतर कुणी आणली असेल तर बाबांना ठाऊक नाही."

टेबलाच्या टोकाला पक्षीतज्ज्ञ बाईंचा चमचा सुपात थांबला. तिने तिकडे पाहायचं टाळलं.

"हं," कॅमेरेवाले मागे टेकत म्हणाले. "म्हणजे तुमच्यानंतरचा कुणीतरी. काका, तुम्ही योग्य केलंत हो. सगळ्यांनी असं केलं असतं तर आज ती पाखरं असती."

पण त्यांची बायको वडिलांकडे बघत होती.

"बुडवली?" ती म्हणाली. "इवलीशी पिल्लं? स्वतःच्या हातानं?"

वडिलांनी आपल्या मुलीकडे पाहिलं. तिला वाटलं, आता ते खरं सांगतील. सांगू नका, असं तिने डोळ्यांनी म्हटलं. त्यांना ते कळलं. चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, आणि ते त्या बाईकडे वळले.

"हो," ते म्हणाले. "बादलीत."

"अगं बाई."

"पाणी आधी कोमट करून घेतलं. गार पाण्यात जास्त वेळ तडफडतात. पोत्याचा तुकडा घेतला, त्यात चौघांना एकत्रच बांधलं. एकेकटं नको म्हणून. पांढऱ्या पायांचं होतं ते मध्ये ठेवलं, ते फार हलायचं. वर ताट घातलं. ताट उचललं जातं, म्हणून ताटावर दगड. तोही फार मोठा नको. तळाशी धक्का बसला की बादली कलंडते. मग शंभरपर्यंत मोजायचं. घाई करायची नाही. शंभर झाले की परत एकदा शंभर."

ते सावकाश, न अडखळता बोलत होते. रोजच्या हाताखालच्या पदार्थाची कृती सांगावी तसे. हातांनी ताट किती रुंद, दगड केवढा, ते दाखवत होते. कॅमेरेवाल्यांच्या बायकोने पाव ताटलीत परत ठेवला. थोड्या वेळाने ती उठली, डोकं दुखतंय असं काहीतरी म्हणाली आणि खिडकीशी अडकवलेला आपला मफलर उचलून निघून गेली.

कॅमेरेवाले घसा खाकरून उद्याच्या हवेबद्दल बोलू लागले. पक्षीतज्ज्ञ बाईंनी उत्तरं दिली. उद्या वारा असणार होता. टेबलावर पुन्हा चमच्यांचे आवाज सुरू झाले.

ती वडिलांकडे बघत होती. तिने खोटं सांगून पाच मिनिटंही झाली नव्हती. कोमट पाणी तिने सांगितलं नव्हतं. पोतं नाही, दगड नाही, मोजणं नाही. हे सगळं बारा वर्षं त्यांच्या मनात रचून तयार असणार.

त्यांचं सूप निवून गेलं होतं. ते खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे ओठ बारीक हलत होते. तिने कान जवळ नेला.

"एकोणसत्तर," ते म्हणत होते. "सत्तर."